बी अम्मा : कैदेतल्या मुलांची आई



मुलाच्या शिक्षणासाठी आईने अंगावरचा दागिना उतरवून सोनाराकडे नेणे ही आपल्या भागात नवलाची गोष्ट नाही. बाभुळगाव आणि आसपासच्या खेड्यांत असे एखादे तरी घर प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. कापसाला भाव मिळाला तर दागिना घरी परत येतो. नाही मिळाला तर तो तिकडेच राहतो. पण मुलगा शिकतो. अशाच एका आईची हकिकत आज तुमच्यापुढे ठेवावयाची आहे. तिने दागिने गहाण ठेवून मुलांना शिकविले आणि त्याच शिक्षणाने मुलांना पुढे सरकारच्या कैदेत नेऊन बसविले, तेव्हा तिच्या मायेची जी कसोटी लागली ती फार थोड्या आयांच्या वाट्याला आली असेल.

या आईचे नाव आबादी बानो बेगम. सारा हिंदुस्थान त्यांना बी अम्मा म्हणून ओळखतो. मौलाना शौकत अली आणि मौलाना मोहम्मद अली या अली बंधूंची ही आई. त्यांचे घर उत्तरेकडे रामपूरला होते. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ गेला तो आपल्या शेजारी, छिंदवाड्याला. आज छिंदवाडा मध्य प्रदेशात आहे आणि यवतमाळ महाराष्ट्रात आहे. त्या वेळी मात्र तसे नव्हते. १९०३ पासून वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता आणि नागपूर ही दोहोंची राजधानी होती. म्हणजे अली बंधूंना ज्या प्रांतात डांबून ठेवले तो आपल्याच आजोबा-पणजोबांचा प्रांत होता, असे म्हणावयास हरकत नाही. छिंदवाड्याच्या दक्षिणेकडील सौंसर-पांढुर्णा भागात मराठी बोलली जाते, हेही तुम्हांला ठाऊक असेलच.

लहानपण आणि वैधव्य

बी अम्मांचा जन्म १८५० च्या सुमाराचा. १८५७ चे बंड झाले तेव्हा त्या लहान मुलगी होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नाही. मुलींना लिहिणे शिकविणे म्हणजे घरात संकट आणणे, असे समजणाऱ्यांचा तो जमाना होता. लग्न होऊन त्या रामपूरला आल्या. पती अब्दुल अली खान हे रामपूर संस्थानच्या नोकरीतले गृहस्थ.

१८८० मध्ये कॉलऱ्याने पतीचा अंत झाला. बी अम्मांचे वय तेव्हा तिशीच्या आत होते. पदरी मुले, त्यांतला सर्वांत धाकटा मोहम्मद अली पुरता दोन वर्षांचाही झालेला नव्हता. वर डोक्यावर पतीचे कर्ज. नातेवाइकांनी दुसऱ्या निकाहाचा विषय काढला. आपल्या धर्माने विधवेला तो हक्क दिलेला आहे आणि त्यात गैर काहीच नाही. पण बी अम्मांनी तो मार्ग धरला नाही. मुलांचा सांभाळ हाच आता आपला संसार, असे त्यांनी ठरविले आणि स्वतःच्या खाण्यानेसण्यावरील खर्च आखडता घेतला. मुलांच्या ताटात मात्र कमी पडू दिले नाही.

घरोघरच्या आया हे करतातच, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण बी अम्मांनी पुढचे जे पाऊल टाकले ते त्या काळी घरोघरच्या आया टाकीत नव्हत्या.

दागिने गहाण, मुले शाळेत

रामपूरच्या खानदानी घरांत मुलांना अरबी-फारसी शिकविणे हे पुरेसे समजले जाई. इंग्रजी शाळेत मुलगा गेला की त्याचा ईमान बिघडला, ही समजूत सर्वत्र होती. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला शाळा काढली व तिचे १८७७ मध्ये कॉलेज झाले, तेव्हा त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले होते. अशा वातावरणात स्वतः शाळा न पाहिलेल्या या विधवेने मुलांना बरेलीच्या इंग्रजी शाळेत पाठविण्याचा निश्चय केला.

मिळकतीचा कारभार मुलांच्या चुलत्यांच्या हाती होता. त्यांना हे मान्य नव्हते. ते पैसे देईनात. बी अम्मांनी वाद घातला नाही. त्यांनी आपले दागिने गुपचूप गहाण टाकले आणि त्या पैशावर मुलाची बरेलीला रवानगी केली. बाई मागे हटणार नाही हे दिसून आल्यावर चुलत्यांचाही विरोध मावळला. बरेलीनंतर अलीगढ. शौकत अली तिथे क्रिकेटच्या संघाचे कप्तान झाले. मोहम्मद अली बी. ए. च्या परीक्षेत अलाहाबाद विद्यापीठात पहिले आले. पुढे १८९८ मध्ये मोहम्मद अली विलायतेस गेले व ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात शिकले. त्या खर्चाची तजवीज थोरले बंधू शौकत अली यांनी केली. ते तेव्हा सरकारी अफू खात्यात नोकरीस होते. आईने भावांना शिकविले आणि भावाने भावाला.

आय. सी. एस. च्या परीक्षेत मोहम्मद अली यशस्वी झाले नाहीत. परत येऊन त्यांनी काही काळ रामपूरला आणि नंतर बरीच वर्षे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात नोकरी केली. पगार चांगला होता. गहाण पडलेल्या दागिन्यांची भरपाई सहज झाली असती. आईने कष्टाचे फळ खावे, नातवंडे खेळवावी, असे ते दिवस होते.

येथे क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा. आपण मुलाच्या शिक्षणावर जे खर्च करतो त्याचा हिशोब मनात ठेवतो की नाही? मुलगा नोकरीला लागला की तो हिशोब आपण त्याच्यापुढे मांडतो की नाही? बी अम्मांनी तो कधी मांडल्याचे दिसत नाही. १९११ मध्ये मोहम्मद अलींनी बडोद्याची नोकरी सोडून कलकत्त्याला 'कॉम्रेड' हे इंग्रजी साप्ताहिक काढले, पुढील वर्षी ते दिल्लीला नेले आणि १९१३ मध्ये 'हमदर्द' हे उर्दू दैनिक सुरू केले. चाळिशीही न गाठलेला मुलगा बांधलेला पगार सोडून बिनभरवशाच्या धंद्यात पडला. आई आड आली नाही.

नजरकैद

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. तुर्कस्थान इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला जाणार अशी चिन्हे दिसत असताना मोहम्मद अलींनी 'कॉम्रेड' मध्ये तुर्कांची बाजू मांडणारा लेख लिहिला. सरकारने जामीनरक्कम जप्त केली आणि पत्र बंद पडले. १९१५ च्या मे महिन्यात दोघा भावांना भारत संरक्षण कायद्याखाली नजरकैदेत टाकले गेले. प्रथम दिल्लीजवळ मेहरौली, मग गढवालच्या डोंगरातील लॅन्सडाऊन आणि त्याच वर्षाच्या अखेरीस छिंदवाडा.

नजरकैद म्हणजे काय ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. तिथे बेड्या नव्हत्या. राहावयास घर होते. पण गावाची हद्द ओलांडावयाची नाही, सभेत बोलावयाचे नाही, छापण्यासाठी लिहावयाचे नाही, आलेले व गेलेले पत्र सरकारने वाचावयाचे. आणि मुदत? ती कोणी सांगितलेलीच नव्हती. खटला नाही, आरोप सिद्ध करणे नाही, म्हणून शिक्षाही ठरलेली नाही. ज्या कैद्याला दोन वर्षे झाली तो दिवस मोजतो. ज्याला मुदतच सांगितलेली नाही त्याने काय मोजावे?

शिवाय मिळकत बंद. पत्रे बुडाली, छापखाना थांबला. सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्यावर कुटुंबाची गुजराण. मोहम्मद अलींना मधुमेहाचा विकार होता. अशा माणसाला पथ्यपाणी आणि औषध वेळेवर लागते. परक्या गावी, परक्या हवेत ते घर चालवावयाचे होते.

बी अम्मा तेव्हा पासष्टीच्या घरात होत्या. सरकारने त्यांना कैद केलेले नव्हते. रामपूरला आपल्या घरी त्या सुखाने राहू शकल्या असत्या. पण त्या मुलांबरोबर आल्या आणि मुलांच्या कैदेत राहिल्या. कायद्याने मुलांना बांधले होते. आईने स्वतःला बांधून घेतले.

उपाशी राहणे दोन प्रकारचे असते, हे रोजा धरणाऱ्या तुम्हांआम्हांला सांगावयास नको. रमजानमध्ये आपण स्वखुशीने भूक सोसतो. तिला इफ्तारची वेळ असते. मगरिबची अजान झाली की खजूर हाती येते. म्हणून ती भूक माणसाला बळ देते. दुसरी भूक लादलेली असते. तिला वेळ नसते. ती माणसाला आतून पोखरते आणि अखेर त्याला वाटेल त्या कागदावर सही करावयास लावते. कैदेचेही तसेच आहे. जो आपल्या मर्जीने एका जागी बसतो तो एतिकाफ. जो दुसऱ्याच्या हुकमाने बसतो तो तुरुंग. लादलेल्या बंदीचे स्वतःच्या इबादतीत रूपांतर करणे हेच मोठे काम असते. छिंदवाड्यात ते झाले. इंग्रजी वाङ्मयात मुरलेल्या मोहम्मद अलींनी कुराण शरीफ अर्थासह बारकाईने वाचले ते याच दिवसांत. ऑक्सफर्डने जे शिकविले नव्हते ते छिंदवाड्याने शिकविले, आणि आई त्याच छपराखाली होती.

एक कागद

१९१७ मध्ये सुटकेची वार्ता आली. देशभर अली बंधूंच्या सुटकेची मागणी होत होती. सरकारने एक मार्ग काढला. गुप्त पोलीस खात्याचा एक मुसलमान अधिकारी छिंदवाड्याला आला. त्याच्याजवळ एक कागद होता. युद्ध चालू आहे तोवर सरकारच्या शत्रूंना मदत होईल असे काही करणार नाही, बोलणार नाही, लिहिणार नाही, अशा अर्थाचे वचन त्यात होते. त्यावर सही केली की कैद संपली.

भावांनी सरळ नकारही दिला नाही आणि सरळ होकारही दिला नाही. धर्माने घातलेल्या कर्तव्याला बाध न येता, एवढी अट सहीबरोबर घालू द्यावी, इतकेच त्यांचे म्हणणे. सरकारला तेवढेच नको होते.

आता या जागी कोणतीही आई काय करील? मुलगा आजारी, कमाई बंद, नातवंडे लहान, स्वतःचे वय झालेले. एका सहीने सारे घर मोकळे होत आहे. आई पदर पसरील, मुलाला गळ घालील, बाळा, एवढे कर आणि घरी चल, असे म्हणेल. कैद करणाऱ्याला हे ठाऊक असते. तो कैद्याच्या कुलपाला बाहेरून किल्ली शोधीत नाही. ती त्याला आईच्या मायेत सापडते. मुलाची भूक दाखवून आईला नमवावे आणि आईचे अश्रू दाखवून मुलाला, ही जुलमाची फार जुनी रीत आहे.

बी अम्मा बुरख्यात त्या अधिकाऱ्याच्या समोर आल्या. त्यांनी त्याला जे बजावले ते नंतर देशभर झाले. मुले देवाधर्माला सोडून काही मान्य करतील अशी शक्यता त्यांना वाटत नव्हतीच. परंतु कष्टाला कंटाळून त्यांनी तसे केलेच, तर आपल्या म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या हातांत त्यांचे गळे आवळण्याइतके बळ खुदा देईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

सही झाली नाही. कैद आणखी दोन वर्षे लांबली.

वाचकहो, हे शब्द ऐकून कोणाला ही आई कठोर वाटेल. तसे वाटणे चूक आहे, आणि का चूक आहे ते पाहा. दूर बसून दुसऱ्याच्या मुलाला धैर्य शिकविणे सोपे असते. भाषणे करणारे पुष्कळ असतात. बी अम्मा दूर नव्हत्या. ज्या घरात मुलगा कोंडला होता त्याच घरात त्या होत्या, आणि त्याच दस्तरखानावर त्यांचे जेवण होते. सही न होण्याची किंमत त्या स्वतः रोज मोजीत होत्या. ज्या हातांनी लहानपणी घास भरविले तेच हात त्यांनी त्या अधिकाऱ्याला दाखविले. मुलगा जिवंत राहावा असे प्रत्येक आईला वाटते. आपण घडविलेला मुलगा शिल्लक राहावा, केवळ त्याचे शरीर नव्हे, असे बी अम्मांना वाटत होते. दागिने गहाण टाकून जे त्यांनी मिळविले होते ते मुलाची नोकरी नव्हती. मुलाचे शील होते. ते त्या कागदावर सही करून परत द्यावयाचे होते. त्यांनी ते दिले नाही.

रिकामी खुर्ची

त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्याला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले. अध्यक्ष म्हणून मोहम्मद अलींची निवड झालेली होती. पण अध्यक्ष छिंदवाड्यात बंदिवान. त्यांच्या जागी आई कलकत्त्याला गेली. ज्या बाईने सारे आयुष्य पडद्यात काढले, जिला शाळा माहीत नाही, ती पासष्टी उलटल्यावर हजारोंच्या सभेपुढे बुरख्यातून बोलली. मुलांच्या सुटकेची भीक तिने मागितली नाही.

महात्मा गांधींनीही अली बंधूंच्या सुटकेसाठी १९१८ मध्ये व्हाइसरॉयकडे लिहिले. पण १९१९ मध्ये सुटका होण्याऐवजी भावांना छिंदवाड्याहून बैतूलच्या तुरुंगात हलविले. अखेर डिसेंबर १९१९ मध्ये, साडेचार वर्षांनंतर, कोणतीही अट न मानता ते बाहेर आले आणि तडक अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनास गेले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाला तेव्हा नऊ महिनेही झालेले नव्हते.

पुढचे वर्ष खिलाफत आणि असहकाराचे. ऑक्टोबर १९२० मध्ये अलीगढला जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली आणि मोहम्मद अली तिचे पहिले कुलगुरू झाले. दागिने गहाण टाकून शिकलेला मुलगा दुसऱ्यांच्या मुलांसाठी विद्यापीठ उभारू लागला. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले व असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर लगेच, जानेवारी १९२१ मध्ये, गांधीजी अली बंधूंच्या कैदेच्या गावी, छिंदवाड्याला सभेसाठी गेले.

पुन्हा तुरुंग

जुलै १९२१ मध्ये कराचीला खिलाफत परिषद झाली. इंग्रजांच्या सैन्यात चाकरी करणे मुसलमानास निषिद्ध आहे असा ठराव तेथे झाला. सप्टेंबरात मोहम्मद अलींना वाल्टेर स्टेशनवर पकडले. कराचीच्या खालिकदीना हॉलमध्ये खटला चालला. आरोपींमध्ये मौलाना हुसैन अहमद मदनी होते, डॉ. सैफुद्दीन किचलू होते आणि एक हिंदू शंकराचार्यही होते. शंकराचार्य सुटले, अली बंधू व इतरांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

या वेळी आई मुलांबरोबर राहू शकत नव्हती. सक्तमजुरीच्या तुरुंगात आईला जागा नसते. मग बी अम्मा देशात फिरू लागल्या. सत्तरीची वृद्धा, सोबत सून अमजदी बानो बेगम. पंजाबातील एका मोठ्या सभेत त्यांनी तोंडावरचा पडदा बाजूला केला. समोर बसलेले सारे आपल्या मुलांच्या जागी आहेत आणि मुलांपुढे आईला पडदा कशाचा, हा त्यामागचा विचार होता. दोन मुले तुरुंगात गेली आणि आई हजारोंची झाली. खादीचा पुरस्कार, हिंदू-मुसलमानांची एकी आणि चळवळीसाठी निधी, या तीन गोष्टींसाठी त्या गावोगाव गेल्या. डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादला महिलांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षा त्याच होत्या. बी अम्मांच्या तोंडी घातलेले एक गाणे त्या दिवसांत उत्तर हिंदुस्थानच्या बाजारांतून व गल्ल्यांतून गायले जाई. आई मुलाला खिलाफतीसाठी प्राण देण्यास सांगते, असा त्याचा विषय.

बाप आणि लेक

पण ही हकिकत केवळ आईच्या धैर्यावर संपविली तर ती अपुरी राहील. कैदेची कसोटी दोन्ही बाजूंनी लागते. मोहम्मद अली हे जसे बी अम्मांचे पुत्र होते, तसे ते चार मुलींचे बापही होते.

ते तुरुंगात असताना त्यांची मुलगी आमिना क्षयाने आजारी पडली. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागावयास अजून वीस वर्षे होती. चांगली हवा, सकस अन्न आणि आपल्या माणसाची सोबत, एवढाच उपचार. बाप त्यांतले काहीच देऊ शकत नव्हता. तुरुंगातून त्यांनी लेकीला उद्देशून कविता लिहिली. आपण लाचार आहोत, पण ज्याच्या हाती सारे आहे तो लाचार नाही, या एकाच विश्वासावर ती उभी आहे. उर्दू जाणणाऱ्या घरांत ती आजही डोळ्यांत पाणी आणून वाचली जाते. छिंदवाड्यात आईने मुलाला धीर दिला होता. येथे बापाने लेकीला धीर द्यावयाचा होता, तोही शेकडो मैलांवरून आणि तुरुंगाच्या भिंतींआडून.

ऑगस्ट १९२३ मध्ये मोहम्मद अली सुटले. त्याच वर्षाअखेर काकिनाडा काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. देशाने त्यांना सर्वांत मोठा मान दिला. पण आमिना वाचली नाही. १९२४ मध्ये ती वारली. एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने लेकीचा जनाजा, असे ते वर्ष होते. देशासाठी कैद भोगणे म्हणजे काय, याचा खरा हिशोब अशा ठिकाणी होतो. तो इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीतही येत नाही.

त्याच वर्षी, १३ नोव्हेंबर १९२४ रोजी, बी अम्मांनीही दिल्लीत डोळे मिटले. दोन्ही मुले आता जवळ होती. गांधीजीही दिल्लीत होते आणि अखेरच्या वेळी त्यांच्या घरी जाऊन आले. खिलाफत त्याच वर्षी मार्चमध्ये तुर्कांनी स्वतःच बरखास्त केली होती. ज्या गोष्टीसाठी मुले तुरुंगात गेली ती गोष्टच उरली नाही, असे कोणी म्हणेल. पण बी अम्मांनी मुलांना यश शिकविलेच नव्हते. शब्द पाळणे शिकविले होते, आणि तो पाळला गेला होता.

मौलाना मोहम्मद अली ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनमध्ये वारले. त्यांचे दफन जेरुसलेमला, मस्जिदे अक्साच्या परिसरात झाले. मौलाना शौकत अली १९३८ मध्ये दिल्लीत वारले.

आपल्यासाठी

पालकहो, आज आपल्या मुलांना कोणी छिंदवाड्याला कैद करणार नाही. पण छोट्या छोट्या कैदा आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलगा शाळेऐवजी शेतात दिसतो, ही गरिबीची कैद आहे. दहावी झालेल्या मुलीला पुढे यवतमाळला पाठवावे की घरी बसवावे, या प्रश्नावर घरचे दार लागते, ही रूढीची कैद आहे. परीक्षेत नक्कल करून पास हो, पण पास हो, असे आपणच मुलाला सांगतो, तेव्हा आपण त्याच्यापुढे तोच कागद ठेवीत असतो, सही कर आणि सुटून ये. बी अम्मांनी तो कागद परतविला. आपण तो आपल्याच हाताने पुढे करतो की काय, याचा विचार करा.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाळा न पाहिलेल्या एका बाईने सत्तरीत एवढे केले. तिला सातव्या वर्षी शाळा मिळाली असती तर? त्या प्रश्नाचे उत्तर रामपूरने दिले नाही. ते आपल्याला आपल्या लेकींच्या बाबतीत द्यावयाचे आहे. वाट दाखविणारी बाई घरातच असते. तिच्या हातात पुस्तक द्यावयाचे राहून गेलेले असते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या फीसाठी घरात काय गहाण पडले आहे ते तुम्हांला कोणी सांगणार नाही. आया ते सांगत नाहीत. तुम्ही ते ओळखावे. त्या ऋणाची परतफेड पहिल्या पगारात होत नसते. आयुष्यात एक ना एक दिवस कोणी तुमच्यापुढे एक कागद ठेवील, वाईट कामावर सही कर, गप्प राहा, डोळे मिट आणि सुखाने जग, असे सांगेल. त्या दिवशी ज्या हातांनी तुम्हांला घास भरविले ते हात आठवा. कर्ज तेथे फिटते.

अल्लाह तआला मरहूमा बी अम्मांना जन्नत नसीब करो आणि आपल्या प्रत्येक आईला तसे हात आणि प्रत्येक मुलाला तशी आठवण देवो. आमीन.